लहान कॅमेरा आणि माळ्यावरच्या कॅसेटी

घरोघरींच्या माळ्यांवर व कपाटांच्या वरच्या खणांत हल्लीं एक वस्तु धूळ खात पडलेली आढळते. ती टाकून देण्यास कोणाचें मन घेत नाहीं, आणि ती पाहावयाचें साधन तर घरांतून केव्हांच नाहींसें झालेलें असतें. लग्नाची, मुंजीची, वास्तुशांतीची अथवा आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची व्हिडिओ कॅसेट ही ती वस्तु होय. तिच्या पाठीवर चिकटविलेल्या कागदावर प्रसंग व तारीख कोणीतरी सुवाच्य अक्षरांत लिहिलेली असते. आंत काय उरलें आहे हें मात्र कोणासच सांगतां येत नाहीं.

मीरा-भाईंदरांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस ही गोष्ट विशेष जवळची वाटेल. मिठागरांच्या, भातखाचरांच्या व कोळीवाड्यांच्या या टापूंत १९८५ सालीं नगरपरिषद स्थापन झाली, २००२ च्या फेब्रुवारींत तिची महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेंत लोकसंख्येनें आठ लक्षांचा आंकडा ओलांडला. गिरगांव, दादर, परळ येथील चाळींतल्या दोन खोल्या सोडून कित्येक मराठी कुटुंबें मालकीच्या घरासाठीं वसईच्या खाडीलगत येऊन राहिलीं तीं याच काळांत. आणि नेमक्या याच काळांत हातांत मावणारा व्हिडिओ कॅमेरा जगांत निर्माण होऊन मध्यम स्थितींतल्या कुटुंबाच्या आटोक्यांत आला. नव्या जागेंतली पहिली सत्यनारायणाची पूजा, घर पाहावयास आलेले चाळींतले शेजारी, खिडकींतून दिसणारें तेव्हांचें मोकळें रान, हीं पूर्वीच्या पिढ्यांच्या वांट्यास कधीं न आलेलीं हलतींबोलतीं चित्रें यांपैकीं कित्येक घरांत आहेत.

हा कॅमेरा कसा लहान होत गेला, त्याच्या पोटांत काय चालतें, आणि तो जसजसा लहान झाला तसतसें त्यानें घेतलेल्या चित्राचें आयुष्य कां तोकडें होत गेलें, याचा विचार येथें करावयाचा आहे. यांतला शेवटचा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे. त्याच्या उत्तरावर कित्येक घरांतील गेलेल्या माणसांचे आवाज राहतील कीं जातील हें अवलंबून आहे.

मुंबईंतला आरंभ

७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा पहिला खेळ झाला. तें यंत्र मोठें सुटसुटीत होतें. चित्र घेणें, त्याची प्रत काढणें व तें पडद्यावर दाखविणें हीं तिन्ही कामें एकाच लांकडी पेटीकडून होत असत. म्हणजे लहान, नेआण करतां येण्याजोग्या यंत्राची कल्पना चलच्चित्राबरोबरच जन्मास आली असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या सुमारास हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांस लोक सावेदादा म्हणत, हे मुंबईंत छायाचित्रणाचा व्यवसाय करीत होते. त्यांनीं २१ गिनी मोजून विलायतेहून रायले बनावटीचा कॅमेरा मागविला व १८९९ सालीं हँगिंग गार्डनमध्यें दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली. पुढें १९०१ च्या डिसेंबरांत केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे विलायतेहून परत आले, तेव्हां त्यांच्या आगमनाचा व स्वागताचा देखावाही सावेदादांनीं टिपला. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हिंदी माणसाच्या हातीं हा कॅमेरा आल्याबरोबर त्यानें जें टिपलें तें राजवाड्यांतलें वैभव नव्हे. आपल्या ओळखीचा खेळ आणि आपल्यांतल्या एका मुलाचें यश, हे ते विषय होते. आज मुलगा परदेशाहून शिकून आला म्हणजे घरचीं माणसें विमानतळावर फोन उंचावून उभीं राहतात, तेव्हां तीं नकळत सावेदादांचाच कित्ता गिरवीत असतात.

दादासाहेब फाळक्यांनीं १९१२ सालीं लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, त्याची पहिली कसोटी घरांतच झाली. कुंडींत पेरलेल्या वाटाण्याचें रोप कसें वाढतें हें त्यांनीं ठराविक अंतरानें एकेक चित्र घेऊन दाखविलें, आणि तेंच पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आला. त्यामागें सरस्वतीबाई फाळक्यांचे जे कष्ट होते, त्यांची आठवण आमच्या भगिनींस अवश्य असावी. कोरी फीत कडेला भोकें न पाडलेली येई. तीं भोकें अंधाऱ्या खोलींत यंत्रानें नेमक्या अंतरावर पाडण्याचें व फीत धुण्याचें काम त्या स्वतः शिकल्या आणि सर्व मंडळींचा स्वयंपाक सांभाळून करीत राहिल्या. कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं तर १९१८ च्या सुमारास दामल्यांच्या साहाय्यानें कॅमेराच स्वतः घडविला, व १९२० सालीं त्यांचा 'सैरंध्री' हा चित्रपट प्रसिद्ध झाला.

या सर्व यंत्रांस हातानें फिरवावयाचा दांडा असे आणि तीं तिवईवाचून चालत नसत. प्रपंचांतल्या माणसास तीं परवडण्याजोगीं नव्हतीं. अमेरिकेंत कोडॅक कंपनीनें १९२३ सालीं १६ मिलिमीटर रुंदीची व १९३२ सालीं ८ मिलिमीटरची फीत काढून घरगुती चित्रणाचा मार्ग मोकळा केला. १९६५ सालीं 'सुपर ८' आली. तिची पन्नास फुटांची डबी कॅमेऱ्यांत सरकविली कीं काम होई. परंतु ती डबी नेहमींच्या वेगानें तीन मिनिटें वीस सेकंदांत संपे, मग धुण्यासाठीं पाठवावी लागे, आणि बहुतेक फितींत आवाज नसे. आजी ओठ हलवितांना दिसत, पण त्या काय म्हणाल्या तें कळत नसे. हा मुकेपणा व ही वाट पाहणें ज्यानें दूर केलें तें साधन व्हिडिओ होय.

चित्र कसें घेतलें जातें

फितीचा कॅमेरा असो वा व्हिडिओचा, मूळ युक्ति एकच आहे. हलणारी वस्तु प्रत्यक्ष कोणीच टिपीत नाहीं. थोड्याथोड्या अंतरानें घेतलेलीं स्थिर चित्रें एकामागून एक झरझर दाखविलीं म्हणजे डोळा व मेंदू मिळून त्यांतून सलग हालचाल उभी करतात. आपल्या देशांतील दूरचित्रवाणीच्या 'पाल' पद्धतींत अशीं २५ चित्रें एका सेकंदांत येतात, आणि प्रत्येक चित्र दोन अर्धुकांत विभागलेलें असल्यामुळें पडदा सेकंदांत ५० वेळां उजळतो.

भेद पुढें आहे. फितीवर चांदीच्या क्षारांत उमटलेलें चित्र नुसत्या डोळ्यास दिसतें. फीत उजेडासमोर धरली तरी पुरे. व्हिडिओ कॅमेऱ्यांत भिंगांतून आलेला प्रकाश एका नाजुक पृष्ठभागावर पडतो व तेथें त्याचें विद्युतेंत रूपांतर होतें. पूर्वीं हें काम कांचेची निर्वात नलिका करीत असे. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं सी.सी.डी. नांवाची सिलिकॉनची चकती शोधून काढली, आणि त्याबद्दल त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. या चकतीवर बारीक चौकटींची जाळी असते. प्रत्येक चौकट म्हणजे पागोळीखालीं ठेवलेली एकेक वाटी समजावी. जेथें प्रकाश अधिक तेथें वाटींत विद्युद्भार अधिक सांठतो. मग सर्व वाट्या ओळीनें रिकाम्या करून मोजल्या जातात व ते आंकडे म्हणजेच चित्र. हल्लींच्या फोनांत सीमॉस जातीची चकती असते. तिच्यांत प्रत्येक वाटीपाशींच मोजणारा बसविलेला असल्यामुळें वीज थोडी लागते व खर्चही कमी येतो.

या वाट्यांस रंग कळत नाहीं, केवळ उजेड कळतो. म्हणून त्यांवर तांबड्या, हिरव्या व निळ्या कांचांचें बारीक झांकण घालतात. कोडॅकचे ब्राइस बायर यांनीं १९७६ सालीं ज्या मांडणीचें पेटंट घेतलें तींत निम्म्या वाट्यांवर हिरवा, पाव वाट्यांवर तांबडा व पाव वाट्यांवर निळा रंग असतो. कारण मनुष्याच्या डोळ्यास बारीकसारीक भेद हिरव्या प्रकाशांत अधिक उमगतात.

चकती लहान केली म्हणजे भिंगही लहान होतें, आणि सबंध यंत्र आटोपशीर होतें. परंतु वाटी लहान झाली कीं तींत प्रकाशही थोडाच मावतो. म्हणून लहान कॅमेऱ्यानें संध्याकाळीं घेतलेल्या चित्रांत वाळू पसरल्यासारखे ठिपके दिसतात. लग्नाच्या मांडवांत व्हिडिओवाल्याबरोबर हॅलोजनचा दिवा घेऊन फिरणारा मदतनीस व त्या प्रखर उजेडानें डोळे मिचकावणारीं वधूवरें कोणास आठवत नाहींत? जुन्या यंत्रांची प्रकाशाची भूक मोठी होती, हेंच त्याचें कारण.

टेपेवरचें तिरपें लेखन

आतां या विजेच्या चित्राची नोंद कोठें करावयाची? आवाज टेपेवर उमटवितां येतो हें ठाऊक होतें. पण आवाजाचीं कंपनें सेकंदांत हजारोंनीं मोजावीं लागतात, तर चित्राचीं कंपनें लाखोंनीं. इतकी दाट नोंद व्हावयास टेप लेखणीसमोरून फार वेगानें धांवली पाहिजे. १९५६ सालीं अँपेक्स कंपनीनें जें पहिलें यशस्वी यंत्र विकावयास काढलें त्याची टेप दोन इंच रुंद होती, आणि यंत्र कपाटाएवढें होतें.

घरगुती व्हिडिओनें या अडचणींतून जी वाट काढली ती फार चतुराईची आहे. टेप सावकाश सरकते आणि लेखण्या मात्र एका तिरप्या ढोलावर बसून गरगर फिरतात. आपल्याकडील व्ही.एच.एस. यंत्रांत हा ढोल सेकंदांत २५ फेरे घेतो. टेप सेकंदास सुमारें २३ मिलिमीटर, म्हणजे इंचभरही, पुढें जात नाहीं. ढोल तिरपा असल्यामुळें प्रत्येक लेखणी टेपेवर एक तिरपी रेघ ओढते, व एका रेघेंत चित्राचें एक अर्धुक मावतें. लेखणीचा टेपेवरील वेग असा सेकंदास जवळजवळ पांच मीटर पडतो. लेखणी स्थिर ठेवून टेपच त्या वेगानें धांवविली असती, तर तीन तासांच्या लग्नास सुमारें बावन्न किलोमीटर टेप लागली असती. ती चर्चगेटपासून निघून, भाईंदरची खाडी ओलांडून, वसई रोड स्टेशनापर्यंत पुरली असती! प्रत्यक्षांत अडीचशे मीटरांच्या आसपास टेप एका कॅसेटींत गुंडाळली कीं काम भागतें.

बेटामॅक्स १९७५ सालीं व व्ही.एच.एस. १९७६ सालीं बाजारांत आली. पण हे घरांत ठेवावयाचे रेकॉर्डर होते. बाहेर चित्रण करावयाचें तर कॅमेरा हातांत व रेकॉर्डर खांद्याला, अशी दुहेरी ओझ्याची तऱ्हा १९६७ च्या सोनीच्या पोर्टापॅकपासून चालत आली होती. दोहोंस एका पेटींत आणण्यासाठीं डोळा, ढोल व कॅसेट अशा तीन वस्तु लहान करणें भाग होतें. सोनीच्या १९८३ च्या बेटामूव्हीनें तें प्रथम साधलें. तिचें वजन सुमारें अडीच किलो होतें आणि घेतलेलें चित्र तिच्यावर परत पाहतां येत नसे. पुढच्याच वर्षीं जेव्हीसीनें जीआर-सी१ काढला. त्यांत ढोलाचा व्यास मूळच्या दोन-तृतीयांश केला, पण टेपेचा वेढा वाढवून व दोनांऐवजीं चार लेखण्या बसवून टेपेवरची रेघ मात्र तीच राखली. त्यामुळें त्याची छोटी कॅसेट एका खोक्यांत घालून घरच्या व्ही.एच.एस. यंत्रावर चालत असे. मग ८ मिलिमीटर टेपेचे कॅमेरे आले, आणि १९८९ सालीं सोनीनें पासपोर्टाएवढा म्हणून गाजविलेला कॅमेरा अवघ्या ७९० ग्रॅमांचा होता. सहा वर्षांत वजन तिसऱ्या हिश्श्यावर आलें.

आपल्या देशांत १९८२ सालीं रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि त्यानंतर घरोघरीं व्हिडिओचें वेड शिरलें. लग्नामुंजींचें चित्रण धंदेवाईक व्हिडिओवाला करी. घरचा लहान कॅमेरा बहुधा आखातांत वा अमेरिकेंत नोकरीस असलेल्या एखाद्या नातलगाबरोबर येई. १९९५ सालीं डी.व्ही. ही आंकड्यांची पद्धत निघाली. तिची टेप ६ मिलिमीटरांहून थोडीच अधिक रुंद, कॅसेट काड्यापेटीपेक्षां जराशी मोठी, आणि तीवर एका तासाच्या चित्राचे सुमारें १३ गिगाबाइट आंकडे मावत. मग तबकड्या आल्या, हार्ड डिस्क आली, नखाएवढें मेमरी कार्ड आलें. २००७ सालीं निघालेला फ्लिप नांवाचा खिशांतला व्हिडिओ कॅमेरा अमेरिकेंत अतिशय खपला आणि २०११ सालीं बंदही झाला; कारण तोंवर फोननें त्याचें काम आपल्याकडे घेतलें होतें.

फोनांत हें सर्व मावतें कसें? आजचें साधें 'फुल एच.डी.' चित्र वीस लक्ष ठिपक्यांचें असतें. तें जसेंच्या तसें लिहावयाचें म्हटल्यास दर सेकंदास सुमारें पंधरा कोटी बाइट लागतील. म्हणून यंत्र काटकसर करतें. एक चित्र पुरें लिहावयाचें आणि पुढील कांहीं चित्रांत मागच्याहून जेवढें बदललें तेवढेंच नोंदवावयाचें. किराणा दुकानदार जसा वहींत 'वरीलप्रमाणें' लिहून पुढें जातो, तसाच हा प्रकार आहे. हिशेब नेटका राहतो. मात्र मधलें एक पान फाटलें तर पुढील पुष्कळशा ओळींचा अर्थ लागत नाहीं.

आयुष्य कां घटलें

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. कॅमेरा लहान करण्याच्या प्रत्येक पायरीस नोंद अधिक दाट व टेप अधिक अरुंद होत गेली. जेथें पूर्वीं एक ओरखडा केवळ ओरखडा म्हणून दिसे, तेथें आतां चित्रच नाहींसें होऊं लागलें. शिवाय प्रत्येक नव्या मापाबरोबर जुनें यंत्र बाद ठरलें. फीत उजेडांत धरून पाहतां येते. टेपेस तिच्याच जातीचें यंत्र लागतें. व्ही.एच.एस. यंत्रें बनविणारी अखेरची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिनें २०१६ च्या जुलैंत तें काम थांबविलें. जीं यंत्रें उरलीं आहेत त्यांच्या लेखण्या झिजत आहेत व तीं दुरुस्त करणारे हात थोडे होत आहेत.

त्यांत आपल्या किनाऱ्याची हवा. टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकट द्रव्यानें बसविलेली चुंबकीय पूड. तें चिकट द्रव्य दमट हवेंतलें पाणी शोषून हळुहळू विघटित होतें, आणि टेपेवर बुरशी धरते. टेपेस थंड व कोरडी जागा मानवते. खाडीकांठच्या पावसाळ्यांत तर पापड-सांडगेसुद्धां डब्यांत सादळतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनि अभिलेखागारानें २०१५ सालींच इशारा दिला होता कीं, २०२५ पर्यंत ज्या टेपांच्या डिजिटल प्रती होणार नाहींत त्यांतील बहुतेक कायमच्या हातच्या जातील. तो इशारा वातानुकूलित दालनांत ठेवलेल्या संग्रहांविषयीं होता. आपल्या माळ्यांची गोष्ट बोलावयासच नको.

कोणी म्हणेल, जुनी फीत तरी कोठें टिकली? ही शंका रास्त आहे. सावेदादांच्या कुस्तीची वा रँग्लरांच्या स्वागताची फीत आज पाहावयास मिळत नाहीं. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाचाही थोडाच भाग उरला आहे. त्या काळची नायट्रेट फीत पेटाऱ्यांत ठेवलेल्या दारूसारखी होती. २००३ च्या जानेवारींत पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कोठारास लागलेल्या आगींत कित्येक जुन्या चित्रपटांचीं मूळ रिळें भस्म झालीं. पण यावरून निघतो तो धडा एवढाच कीं, टिकाऊपणा वस्तूंत थोडा व सांभाळणाऱ्या माणसांत अधिक असतो. १९६४ सालीं हें संग्रहालय निघालें म्हणून जें वांचलें तें वांचलें. घरच्या कॅसेटींसाठीं कोणतेंही सरकारी संग्रहालय निघणार नाहीं. तें काम घरच्याच माणसांनीं केलें पाहिजे.

काय करावें

प्रथम सर्व कॅसेटी एका जागीं आणून यादी करावी व त्यांची जात ओळखावी. मोठी ती व्ही.एच.एस.; लहान असतील त्यांवर 'हाय ८', 'मिनी डीव्ही' अशीं नांवें छापलेलीं असतात. जात कळल्यावांचून यंत्र शोधतां येत नाहीं. कॅसेटीच्या खिडकींतून टेपेच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समजावी व अशी कॅसेट यंत्रांत मुळींच घालूं नये. टेप तर तुटेलच, पण यंत्रावाटें दुसऱ्या कॅसेटींसही लागण होईल. ती वेगळ्या पिशवींत ठेवून स्वच्छ करणाऱ्या जाणकाराकडे द्यावी. व्ही.एच.एस. कॅसेटीच्या मागच्या कडेवरची लहानशी पट्टी मोडून टाकावी, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरें कांहीं नोंदलें जाणार नाहीं.

क्रम लावतांना सर्वांत भपकेबाज समारंभ आधीं घेऊं नये. ज्या कॅसेटींत आज हयात नसलेलीं माणसें बोलतांना दिसतात त्या आधीं घ्याव्या. लग्नाचीं छायाचित्रेंही असतात. पण आजीनें म्हटलेली मंगळागौरीची गाणीं, आजोबांचा मंत्रपुष्पांजलीचा स्वर, काकूंची हांक मारण्याची लकब, हें अन्यत्र कोठेंही नसतें.

प्रत काढण्यास टेप जितकी तितकाच वेळ लागतो. तीन तासांच्या कॅसेटीस तीन तास. हें काम घाईनें करून देतों म्हणणाऱ्याविषयीं जरा सावध असावें. मिनी डीव्ही टेपेवर मुळांतच आंकडे असल्यामुळें फायरवायर तारेनें तिची तंतोतंत प्रत निघते. तसें सांगून ती मागून घ्यावी. तयार झालेली प्रत आरंभीं, मधें व शेवटीं पाहून, आवाज जुळतो कीं नाहीं याची खात्री करून मगच मूळ कॅसेट परत घ्यावी, आणि ती टाकून देऊं नये. प्रती तीन असाव्या, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्या, व त्यांतील एक दुसऱ्या गांवीं नातलगाकडे असावी. एकाच फोनांत किंवा एकाच डिस्कवर ठेवलेली वस्तु म्हणजे एकाच दोरीवर वाळत घातलेलीं सर्व घरचीं धुणीं.

यानंतरचें काम सर्वांत महत्त्वाचें असून त्यास पैसा लागत नाहीं. घरांतील वडील माणसांस शेजारीं बसवून ती प्रत पाहावी आणि कोण कोण आहे तें लिहून काढावें. पंगतींत तिसऱ्या पानावर बसलेले गृहस्थ कोण, वधूची ओटी भरणाऱ्या बाई कोणाच्या मावशी, हें सांगणारीं माणसें टेपेपेक्षांही लौकर दुर्मिळ होतात. नांवांवांचून चित्र हें अनोळखी लोकांच्या गर्दीसारखें आहे.

नव्या चित्रणाविषयींही दोन शब्द. फोन आडवा धरावा. हात कोंपरापाशीं अंगास टेकवून प्रत्येक दृश्य निदान दहा सेकंद स्थिर ठेवावें; कॅमेरा झाडूसारखा इकडून तिकडे फिरवूं नये. बोटांनीं चित्र मोठें करण्यापेक्षां दोन पावलें पुढें जावें, कारण अशा वाढविण्यांत बहुधा ठिपकेच तेवढे मोठे होतात. खिडकी बोलणाऱ्याच्या पाठीमागें नसावी. आवाज हवा असेल तर पंखा व मिक्सर बंद करून जवळ जावें. आणि महिनाअखेर बसून जें ठेवण्याजोगें तें वेगळें काढावें. पूर्वीं तीन मिनिटांची डबी होती तेव्हां मनुष्य विचार करून बटन दाबी. आतां हजार तुकड्यांत जो एक मोलाचा असतो, तो बाकीच्यांबरोबर एका बोटाच्या चुकीनें पुसला जातो.

सव्वाशे वर्षांच्या या प्रवासांत यंत्र पेटीचें खिशांत आलें, हें मोठेंच यश आहे. परंतु सरस्वतीबाई अंधारांत बसून ज्या काळजीनें फितीस भोकें पाडीत, ती काळजी कोणत्याही यंत्रांत भरून मिळत नाहीं. या पावसाळ्यापूर्वीं एखादा रविवार काढून आमच्या वाचकांनीं माळ्यावरची पेटी खालीं उतरवावी, एवढीच विनंति आहे.